कार्तिकातला वणवा: दुष्काळी वर्षात दूरचं जंगल कसं राखायचं

हस्त कोरडा गेला आणि पाठोपाठ चित्रानेही दगा दिला की डोंगरावरचं गवत दिवाळीआधीच पिवळं पडतं. वनविभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतो. हंगामी अग्निरक्षक त्याच सुमारास कामावर येतात, जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, त्याही त्याच्या थोड्या आधी जाळून घेतल्या जातात. साध्या वर्षी हे गणित बसतं. पाऊस लवकर आटोपलेल्या वर्षी ते तीन महिन्यांनी चुकतं. २०१८ साली ३१ ऑक्टोबरला राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २०२३ सालीही ३१ ऑक्टोबरलाच ४० तालुक्यांत झाला. सरकारी कागदावर दुष्काळ चढतो त्या दिवशी डोंगरमाथ्यावरचं गवत कधीच वाळून गेलेलं असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत गाव भातकापणीत गुंतलेलं असतं, अग्निरक्षक नेमलेले नसतात, सुट्टीचे ट्रेकर गडावर चुली मांडत असतात, मध काढणारे टेंभे घेऊन कड्यांवर फिरत असतात.

हे लिखाण आहे ते ग्रामसभा, संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आणि वाडीवस्तीवरच्या तरुणांसाठी: जिथे डांबरी रस्ता संपल्यावर तास-दोन तास चालावं लागतं, मोबाईलला रेंज नाही, अग्निशमनाची गाडी येऊ शकत नाही आणि दुष्काळामुळे ओढेही आटलेले आहेत. अशा जागी पाण्याने वणवा विझत नाही. आगीला सलग गवत मिळू द्यायचं नाही, आणि मिळालंच तर ती लहान असतानाच तिच्या बगलेने, म्हणजे समोरून नाही तर बाजूने, गाठायची, एवढाच मार्ग उरतो. यातलं पहिलं काम दसऱ्याच्या आसपास सुरू झालं नाही तर दुसऱ्याला माणसं कमी पडतात.

गवत पेटायला आलं का, हे कसं ओळखायचं

कॅलेंडर बघू नका, काडी बघा. सकाळी अकराच्या पुढे, दव पूर्ण उडाल्यावर, उताराच्या तीन ठिकाणी मूठभर गवत उपटा: माथ्यावर, मधल्या टप्प्यात आणि नाळीच्या, म्हणजे डोंगरातल्या घळीच्या, कडेला. काडी बोटावर वळवून बघा. न तुटता वाकली तर अजून ओल आहे. वाकताना चिरली तर आठ-दहा दिवस हातात आहेत. कट्‌कन आवाज करून दोन तुकडे झाले तर आजच ठिणगी पडली तरी आग धावेल. माथ्यावरची आणि दक्षिण-पश्चिमेला तोंड असलेल्या उतारावरची काडी सगळ्यात आधी तुटते, नाळीतली सगळ्यात शेवटी. म्हणून काम माथ्याकडून खाली आणायचं.

ऑक्टोबर हीटमध्ये दिवस दोन तोंडांचा असतो. पहाटे दव इतकं पडतं की गवत पेटवलं तरी नुसतं धुरतं. दुपारी बारा ते चार हवा कोरडी होते, वाराही उठतो, आणि तेच गवत तोंडाने फुंकर मारावी तसं पेटतं. ‘सकाळी ओलं होतं, चिंता नाही’ या भरवशावर दुपारी बांध पेटवायचा आणि ती आग रानात जायची, असे वणवे दर कोरड्या वर्षी लागतात.

पानझडी रानात, म्हणजे मेळघाट, गडचिरोली, तोरणमाळ या पट्ट्यांत, गवताबरोबर पाचोळाही पाहायचा. ओल संपली की साग आणि ऐन लवकर पानं टाकतात. वाळकं सागाचं पान वाटीसारखं वळतं, त्यात हवा खेळते आणि ते नुसतं जळत नाही, उडतंही. पाचोळ्याचा थर घोट्याच्या वर गेला असेल तर ती जागा पहिल्या यादीत घाला. त्याच यादीत फुलून मेलेली बांबूची बेटं, फुलोरा येऊन गेलेल्या कारवीच्या वाळक्या काड्यांचं रान, आणि झाडावर चढलेली घाणेरी. घाणेरी ही आगीची शिडी आहे. जमिनीवरची गुडघाभर ज्योत तिच्यावरून शेंड्यापर्यंत जाते.

जाळरेषा आधी कापायची, मग जाळायची

दुष्काळी वर्षात चारा सोन्याच्या भावाने जातो, आणि जो चारा वणव्यात जाणार तोच जाळरेषेच्या जागेवर उभा असतो. म्हणून रेषेच्या जागेवरचं गवत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापून घरी न्या. कुसळी गवताला कुसळं पक्की होण्याआधीच ते जनावर आवडीने खातं. कुसळं पिकली की तोंडात टोचतात आणि त्या गवताला कोणी हात लावत नाही. हा काळ दहा-पंधरा दिवसांचाच असतो. ग्रामसभेने पट्टे पाडून घरटी वाटून दिले, तर मजुरीचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो: ज्याचा पट्टा त्याचा चारा, अट एकच की पट्टा जमिनीलगत साफ झाला पाहिजे. वीतभर खुंट ठेवून कापलेलं गवत वाळलं की पुन्हा आग वाहून नेतं.

राखीव किंवा संरक्षित वनात वनरक्षकाला आणि परिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवल्याशिवाय काहीही कापू-जाळू नका. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने आग लावायला मनाईच आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. तिथे ठराव ग्रामसभेचा, पण जाळण्याचा दिवस वनविभागाबरोबर बसून ठरवा. ठरावाची प्रत बीटच्या वनरक्षकाकडे असू द्या. पुढे शेजारच्या कक्षात (वनविभागाने जंगलाचे क्रमांक देऊन पाडलेले तुकडे म्हणजे कक्ष) आग गेली तर हाच कागद उपयोगी पडतो.

रेषा कुठून न्यायची हा या सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा निर्णय. उताराच्या मधोमध काढलेली रेषा बहुतेक वेळा फुकट जाते. आग चढावर धावते. चढ १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, २० अंशांवर चौपट. ती मध्यावर येते तेव्हा पुढे झुकलेली असते आणि रेषा सहज ओलांडते. रेषा धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, काढा, आणि तीही नेमक्या धारेवर न काढता धारेच्या पलीकडच्या अंगाला चार-पाच पावलं उतरून. धारेवर पोचलेली आग तिथे मंदावते, पलीकडे उतरताना तिचा जोर जातो. पायथ्याला दुसरी रेषा शेत आणि रान यांच्यामध्ये हवी, कारण बांधावरची, राबाची (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची), कचऱ्याची आग तिथूनच आत शिरते. मधल्या भागात कातळ, बैलगाडीची वाट, ओढ्याचं पात्र असेल ते जोडून घ्या. कातळाचे सडे ही निसर्गाने दिलेली जाळरेषा आहे, तिच्या कपारीतलं गवत तेवढं काढावं लागतं. ओढ्याचं कोरडं पात्र मात्र फसवं: दिसायला मोकळं, पण सगळा पाचोळा वाऱ्याने तिथेच साचतो. ते झाडून घेतल्याशिवाय रेषेत धरू नका.

रुंदीसाठी आडाखा असा: सपाटीवर गवताच्या उंचीच्या निदान तिप्पट, चढावर सहापट. कंबरेएवढं, म्हणजे मीटरभर उंच गवत असेल तर सपाटीला ३ मीटर, चढाला ६ मीटर. माणूसभर गवत किंवा कारवी असेल तर १० ते १२ मीटरच्या खाली जाऊ नका. एवढी रुंदी सगळीकडे कापणं जमत नाही. म्हणून दोन कडा कापायच्या आणि मधलं गवत जाळायचं, ही जुनी रीत.

दोन्ही कडांना दीड-दीड मीटरच्या पट्ट्या पाडा. गवत कापा, दाताळ्याने पाचोळा ओढा आणि कुदळीने वरची मुळं खरवडून लाल माती उघडी करा. कापलेलं चाऱ्यालायक नसेल तर दोन्ही पट्ट्यांच्या मधे टाका, बाहेर टाकू नका. बाहेर टाकलेल्या गवताचा ढीग पुढे पेटतो आणि रेषेच्या पलीकडून आग सुरू होते. मधे झाडं असतील तर त्यांच्या बुंध्याभोवती हातभर जागा साफ करा, नाहीतर साल भाजून झाड दोन वर्षांत पोकळ होतं. रेषेवर वाकलेल्या फांद्या, वेली, बांबू छाटा. रेषेच्या जवळचं उभं वाळकं झाड लक्षात ठेवा. ते पेटून आडवं पडलं की रेषेवर पूल तयार होतो.

माणसं किती लागतील हे आधीच कोणी सांगू शकणार नाही. पहिले ५० मीटर चौघांनी काढा, घड्याळ लावा आणि त्यावरून उरलेल्या अंतराचा हिशेब करा. कातळावर आणि गवताळ माळावर फरक दुपटी-तिपटीचा पडतो.

मधला पट्टा जाळायचा तो दव उडता उडता, साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान, वारा पडलेला असताना. एक वाळकी काडी हवेत सोडा. ती सरळ खाली पडली तर सुरू करा, हातभर बाजूला गेली तर त्या दिवशी घरी जा. वरच्या टोकाकडून पेटवायला सुरुवात करा, म्हणजे आग स्वतः खाली, संथ उतरत येते. ५० मीटरचा तुकडा पूर्ण विझल्याशिवाय पुढचा पेटवू नका. प्रत्येक तुकड्याला दोन्ही कडांवर मिळून निदान सहा माणसं, आणि शिवाय एकजण बाहेरच्या बाजूला पाठ आगीकडे करून उभा. त्याने आग बघायची नाही, बाहेर पडलेल्या ठिणग्या बघायच्या. बहुतेक रेषा बिघडतात त्या याच माणसामुळे: जाळ बघायला तोही वळतो.

एकदा काढलेली रेषा हंगामभर टिकत नाही. पानगळ सुरू झाली की आठवड्याभरात तिच्यावर पाचोळ्याची चादर पसरते. जानेवारी ते मार्च दर आठ-दहा दिवसांनी ती झाडूने किंवा ब्लोअरने (वाऱ्याच्या झोताने पाचोळा उडवणाऱ्या यंत्राने) साफ करावी लागते. हे काम सगळ्यात कंटाळवाणं असतं आणि तेच सगळ्यात आधी सुटतं.

हाताशी काय ठेवायचं

दहा माणसांच्या पथकाला चार कोयते, दोन कुऱ्हाडी, तीन दाताळी, दोन फावडी, दोन कुदळी पुरतात. झोडपायला हिरव्या पानांच्या डहाळ्या जागेवरच तोडता येतात. निरगुडीसारखं कोरड्यातही हिरवं राहणारं झुडूप जवळ असेल तर उत्तम. दुष्काळात डहाळ्याही मिळेनाशा होतात, तेव्हा जुन्या गोणपाटाचा दुहेरी तुकडा हातभर काठीला तारेने आवळून बांधा आणि भिजवून न्या. नायलॉनची गोणी नको, ती वितळून हाताला चिकटते. कपड्यांचंही तेच. अंगात सुती किंवा खादी, पूर्ण बाह्या, डोक्याला भिजवलेला पंचा, पायात चामड्याचे बूट. टेरिकॉट, ट्रॅक पँट आणि रबरी चप्पल घालून आलेल्याला परत पाठवा, कितीही उत्साही असला तरी.

शेतातला १६ लिटरचा पाठीवरचा पंप चालतो, पण ज्वाळेसाठी नाही, निखाऱ्यांसाठी. आधी तीनदा धुऊन घ्या. तणनाशकाचा अंश राहिला तर गरम वाफेतून तो छातीत जातो. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले की पाणी पाचोळ्यावरून ओघळून न जाता आत मुरतं.

पाठीवरचा ब्लोअर आता बऱ्याच परिक्षेत्रांकडे असतो, आणि पाचोळ्याच्या आगीवर त्याच्याइतकं उपयोगी यंत्र नाही. पण चुकीच्या हातात तो वणवा वाढवतो. नळी ज्वाळेच्या तोंडावर धरायची नाही. ज्वाळेच्या बुडाशी, जमिनीला घासून, जळलेल्या भागाकडे वारा जाईल अशी धरायची, म्हणजे पेटता पाचोळा राखेत ढकलला जातो आणि पुढचा न जळलेला पाचोळा मागे सरकतो. नळी वर उचलली की ठिणग्या उडून माणसाच्या पाठीमागे पडतात. ब्लोअरवाल्याच्या मागे दाताळं घेऊन एकजण हवाच. गुडघ्याएवढ्या गवतात ब्लोअर निरुपयोगी, तो फक्त आगीला हवा देतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल यंत्रावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. घाईत नुसतं पेट्रोल भरलं की पिस्टन जाम होतो आणि यंत्र तिथेच संपतं. इंधन भरताना इंजिन बंद करून पाच मिनिटं निवू द्या, आणि कॅन आगीपासून लांब, उघड्या मातीवर ठेवा. राखेने एअर फिल्टर तासाभरात बुजतो. आवाज दबका झाला की आधी तो काढून झटका.

धूर दिसला की

भारतीय वन सर्वेक्षणाच्या डेहराडून कार्यालयाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश मोबाईलवर येतात. त्यांच्या वणवा पोर्टलवर कोणालाही नंबर नोंदवता येतो. वाडीत रेंज नसेल तर तालुक्याला राहणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाचा नंबर नोंदवा आणि तिथून निरोप पोचण्याची साखळी आधी ठरवा. या संदेशाच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. आता वापरात असलेल्या बारीक नजरेच्या सेन्सरचाही एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, म्हणजे आग दाखवलेल्या जागेपासून शेजारच्या नाळीतही असू शकते. तो उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास वरून जातो. दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसते. त्यामुळे समोरच्या धारेवर बसलेल्या राखणदाराला पर्याय नाही.

वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे, टोल फ्री. फोनवर ‘डोंगर पेटलाय’ एवढं सांगून कोणी पोचत नाही. कक्ष क्रमांक, डोंगराची कोणती बाजू, आग चढतेय की उतरतेय, ज्वाळ गुडघ्याएवढी की माणसाएवढी, वारा कुठून कुठे, गाडी कुठपर्यंत येते आणि गावातून किती माणसं निघाली, हे सात मुद्दे सांगा. कक्षांचा छापील नकाशा ग्रामपंचायतीत आणि राखणदाराच्या झोळीत असावा. वनातले हक्क वापरणाऱ्यांनी आग विझवायला मदत करणं हे वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार कर्तव्यही आहे. पण कर्तव्य म्हणजे एकट्याने धावत जाणं नव्हे.

बगलेने गाठायची

पथकाचा एक म्होरक्या ठरवा. त्याने हातात डहाळी घ्यायची नाही. त्याचं काम वारा, माणसं आणि पळवाट बघणं. एकजण समोरच्या उंचीवर शिट्टी घेऊन. उरलेल्यांत दोघे पुढे कोयता-दाताळ्याने माती उघडी करत, तीन-चारजण झोडपत, दोघे मागे पंप आणि फावडं घेऊन.

आगीच्या तोंडासमोर कधीही उभं राहायचं नाही, आणि पेटत्या उताराच्या वर तर नाहीच. आग जिथून सुरू झाली त्या शेपटाकडे जा. तिथे जमीन जळून काळी झालेली असते. कातळ, वाट किंवा जुनी रेषा गाठून तिथून कामाला लागा, म्हणजे आग तुमच्या पाठीमागून वळसा घालू शकणार नाही. मग बगलेने पुढे सरका, नेहमी जळलेल्या काळ्या भागाच्या कडेने, इतकं जवळ की दोन ढांगांत काळ्यात जाता येईल.

ज्वाळ गुडघ्याएवढी असेल तर झोडपून विझते. कंबरेच्या वर, म्हणजे सव्वा मीटरला पोचली की हातांचं काम संपलं. तिच्या जवळ जाऊ नका, मागे येऊन रेषेवर थांबा. झोडपताना डहाळी खांद्याच्या वर उचलायची नाही. उचलून आपटली की निखारे उडतात आणि गवत पुन्हा पेटतं. ज्वाळेच्या बुडावर ती दाबायची, क्षणभर तिथेच धरायची आणि काळ्या बाजूला ओढून घ्यायची. दाबा, धरा, ओढा. तिघे एका ओळीत असले तर पहिला ज्वाळ पाडतो, दुसरा धुमसणं दाबतो, तिसरा शिल्लक ठिणगी शोधतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पहिला मागे जातो. जो ‘मला काही होत नाही’ म्हणून पुढेच राहतो, त्याच्याकडे म्होरक्याने जास्त लक्ष द्यावं. डोकं जड होणं, विचारलेल्याला उलटसुलट उत्तर देणं ही धूर चढल्याची खूण आहे. अर्ध्या दिवसाला माणशी चार-पाच लिटर पिण्याचं पाणी आणि ओआरएसची पाकिटं लागतात, आणि दुष्काळात ते गावातूनच वाहून न्यावं लागतं. ही जबाबदारी दोघांवर वेगळी सोपवा.

वारा दिवसातून दोनदा बाजू बदलतो. दुपारी तो दरीतून वर येतो, सूर्य कलला की माथ्यावरून खाली उतरू लागतो. तीन वाजता जी बगल होती ती सहा वाजता तोंड होऊ शकते. म्हणून साडेचार-पाचला सगळ्यांनी काळ्यात येऊन थांबायचं, वाऱ्याचा नवा कल बघायचा आणि मगच पुढे. रात्री आग खाली बसते हे खरं, पण कड्याकपारीच्या रानात अंधारात पाय घसरून जाणारा जीव आगीत जाणाऱ्याइतकाच मोलाचा आहे. बॅटरी असली तरी अनोळखी उतारावर रात्री जाऊ नका. पहाटेचं दव तुमच्या बाजूने असतं: चार ते नऊ या वेळात दहा माणसं जे काम करतात ते दुपारी पन्नास माणसांना होत नाही.

समोरून आग लावून वणवा थांबवण्याची रीत जुने वनमजूर जाणतात. जाळरेषेच्या आतल्या कडेला, वणव्याच्या दिशेने गवत पेटवायचं. दोन्ही आगी एकमेकींना भिडतात आणि विझतात. मोठी आग जवळ आल्यावर हवा तिच्याकडे ओढली जाते, ती ओढ जाणवल्यावरच हे साधतं. चार मिनिटं आधी पेटवलं तर नवी आग तुमच्याच अंगावर येते. अनुभवी वनकर्मचारी हजर नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

अडकलात तर

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकर गवताळ उतारावर वणव्यात सापडले आणि २० हून अधिक जण गेले. आग दिसली की पाय आपसूक चढाकडे, मोकळ्या माथ्याकडे वळतात, आणि गवताळ चढावर आगीपेक्षा वेगाने कोणीही धावू शकत नाही. चढू नका. आडवं, बगलेच्या दिशेने जा. ज्वाळ गुडघ्याच्या खाली असलेली जागा सापडली तर तोंडाला कपडा लावून तिथून काळ्यात शिरा. जळलेल्या जागी पुन्हा जळायला काही नसतं. नाळीत आणि खिंडीत शिरू नका, त्या धुराड्यासारख्या आग वर ओढतात. काहीच हाती नसेल तर उघडी माती किंवा कातळाचा खोलगट भाग बघून पालथे पडा, पाय आगीकडे, तोंड जमिनीला, कपडे अंगावरच.

१९४९ साली ५ ऑगस्टला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत वणव्याने १३ जणांचा बळी घेतला. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज वाचला, कारण त्याने स्वतःच्या पुढचं गवत काडी लावून जाळलं आणि त्याच्या राखेत पडून राहिला. नुसत्या गवताच्या रानात, सगळे रस्ते बंद झाल्यावर, हा शेवटचा उपाय आहे.

भाजल्यावर त्या जागी २० मिनिटं गार पाणी सोडा. पिण्याचं पाणी असलं तरी ते यासाठी वापरा. चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल काहीही लावू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि १०८ ला कळवून रस्त्यापर्यंत झोळीतून न्या.

निखारे

वणवा विझला असं सगळ्यांना वाटतं तेव्हा निम्मं काम बाकी असतं. कडेपासून आत निदान ३० मीटरचा पट्टा पायाखालून घाला. हाताची पालथी बाजू राखेच्या वर धरून ऊब घ्या, हात राखेत खुपसू नका. धुमसणारे ओंडके उतारावर आडवे ठेवू नका, ते गडगडत खाली जाऊन नवं रान पेटवतात. उताराला समांतर, उभे फिरवा, खालच्या टोकाशी खड्डा करून टेकवा. बांबूच्या बेटाचा गड्डा आतून दोन-दोन दिवस जळतो, तो कुदळीने फोडून त्यात पाणी आणि माती कालवावी लागते.

गव्याचं किंवा गुराचं वाळकं शेण दिसलं की काठीने मोडून बघा. वरून ते राखाडी, गार, विझल्यासारखं दिसतं. मोडलं की आत नाण्याएवढा लाल ठिपका असतो. दुपारचा वारा त्याला लागला की त्याचा चुरा उडतो, आणि चुऱ्याबरोबर ठिणगीही. पोकळ झाडं सगळ्यात वाईट. बुंध्यातून आत गेलेली आग वर ढोलीतून धूर सोडते. बुंध्याची फट ओल्या मातीने लिंपून हवा बंद करा आणि झाडाभोवती पाच मीटर जमीन साफ ठेवा. असं झाड आवाज न करता पडतं, त्याच्याखाली जेवायला बसू नका.

जळलेल्या भागावर निदान दोन दिवस पाळी लावा, आणि माणूस बसवायचा तो रात्री नाही, दुपारी अकरा ते पाच. विझलेला वणवा पुन्हा उठतो तो बहुतेक दुसऱ्या दिवशी दुपारी दोन-तीनच्या सुमारास, जेव्हा विझवणारे घरी झोपलेले असतात. पाळीवाल्याजवळ पंप भरलेला, दाताळं, पाण्याची बाटली आणि शिट्टी असावी. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी कड पुन्हा एकदा चालून या, आणि धूर दिसणाऱ्या प्रत्येक झाडाला चुन्याची खूण करून तिची नोंद वनरक्षकाकडे द्या.